न रडणारे मूल

सेवानिवृत्तीनंतर नातवाला बालवाडीत पोहोचविण्याचे काम मी आपणहून मागून घेतले. पहिल्या आठवड्यात फाटकापाशी एक दृश्य रोज दिसे. बाई मुलाला खेळणे दाखवीत, त्याचे लक्ष तिकडे वळे, आणि तेवढ्यात आई गुपचूप निघून जाई. ‘सांगून गेले की फार रडतो हो,’ असे त्या म्हणत. ते ऐकून माझ्या मनातील एक जुनी टोचणी जागी झाली.

१९८८ साली पदोन्नतीबरोबर माझी बदली दूरच्या एका शाखेत झाली. पत्नी त्याच सुमारास आजारी पडली व उपचारांसाठी माहेरी राहिली. दीड वर्षाच्या मुलाला मी गावी आई-वडिलांकडे ठेवले आणि तो झोपेत असताना पहाटेच्या गाडीने निघालो. आठ महिन्यांनी आम्ही दोघे त्याला आणावयास गेलो, तेव्हा तो वडिलांच्या कापडदुकानात गादीवर खेळत होता. त्याने एकदा वर पाहिले आणि पुन्हा खेळण्यात मान घातली. तो रडला नाही, धावतही आला नाही. ‘किती समजूतदार पोर!’ असे सारे म्हणाले. मलाही अभिमान वाटला.

शाळेत मात्र तक्रारी सुरू झाल्या. तो प्रश्न विचारीत नसे. गणित अडले तर पान कोरे सोडी. शिक्षकांना तो शिष्ट वाटे. मी त्याला रागे भरत असे.

या कोड्याचा उलगडा मला फार उशिरा, वाचनातून झाला. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने अटॅचमेंटचा सिद्धांत मांडला. हा शब्द ऐकला की आपल्याला मोह आठवतो, आणि मोह तर सोडावयाचा असतो. परंतु येथे अर्थ निराळा आहे. भय वाटले असता ज्याच्याकडे धाव घ्यावी, अशा माणसाशी तान्ह्या मुलाचा जो बंध जडतो, तो हा अनुबंध. खुद्द बोल्बींना सांभाळणारी दाई ते चार वर्षांचे असताना घर सोडून गेली होती, आणि ते दुःख त्यांना आयुष्यभर आठवत राहिले.

त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी वर्षभराच्या मुलांचे निरीक्षण केले. आई थोडा वेळ खोलीबाहेर जाऊन परत आली की काही मुले तिला बिलगून शांत होत व पुन्हा खेळू लागत. काही चिडून रडत राहत. काही मात्र तोंड फिरवीत. या शेवटच्या मुलांच्या हृदयाचे ठोकेही वाढलेले असतात, असे पुढे इतर संशोधकांना आढळले. ते वाचले आणि दुकानातील तो प्रसंग डोळ्यांपुढे उभा राहिला.

घरात बांधलेली ही अपेक्षा मूल शाळेत घेऊन जाते. हाक मारली तर कोणी येईल असा ज्याला भरवसा असतो, ते शिक्षकांना निःशंक विचारते. ज्याला नसतो, ते गप्प राहते. शिक्षकही मग त्याच्यापासून दूर राहतात, आणि मुलाचा समज पक्का होतो.

सुदैवाने हे विधिलिखित नव्हे. तिसरीत मुलाला एक बाई लाभल्या. त्या रोज त्याच्या हाती हजेरीपुस्तक देऊन कार्यालयात पाठवीत; परतला की त्याच्याशी दोन शब्द बोलत. रजा घ्यावयाची असली तर आदल्या दिवशी त्याला सांगत. कोऱ्या पानावरून त्या कधी रागावल्या नाहीत. दिवाळीनंतर एके दिवशी तो वही घेऊन त्यांच्या टेबलाशी गेला आणि म्हणाला, ‘बाई, हे कळलं नाही.’ हे सांगताना बाईंचे डोळे पाणावले होते. मला मात्र त्यात एवढे विशेष काय, ते तेव्हा उमगले नाही.

आपल्या घरांतून सणासुदीला दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. मुले आजी-आजोबांकडे किंवा सांभाळणाऱ्या बाईंकडे राहतात. त्यात गैर काही नाही. सांभाळणारे माणूस वारंवार बदलू नये आणि मुलाला चुकवून जाऊ नये, एवढेच मागणे आहे. सांगून गेले तर मूल रडेल, रडू द्यावे. सांगितल्या वेळी परत यावे.

मी नातवाला फाटकापाशी सांगतो, ‘साडेअकराला येतो.’ तो रडतो. मी सव्वाअकरालाच जाऊन उभा राहतो. परवा संध्याकाळी हे सारे मी मुलाला सांगितले, त्या पहाटेच्या गाडीसकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाबा, उद्या त्याला आणायला मीही येतो.’