एकबुर्जीचा काठ

वाशीमहून समुद्र शेकडो किलोमीटर लांब. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातल्या माणसाला किनारा हवा असेल, तर तो धरणाचाच!

शहराची तहान भागवणारा एकबुर्जी प्रकल्प जवळच आहे. हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी घरची मंडळी डबे घेऊन निघतात. ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा, सोबत कांदा. आजी सावलीत टेकते, नातवंडं बगळे मोजतात, आणि एरवी घड्याळाकडे बघत जेवणारे बाबा चक्क डुलकी घेतात. गर्दी नाही, गाणी नाहीत. असं निवांतपण गोव्यातही सहज मिळत नाही.

फक्त पाण्यात उतरू नका, आणि प्लास्टिक परत न्या. हेच पाणी वाशीमकर पितात.