अदलियातला जाम ट्रक आणि हर्मोनचा बर्फ

बहारीनमध्ये पत्ता सांगायचा तर इमारतीचा नंबर, रस्त्याचा नंबर आणि ब्लॉकचा नंबर सांगतात. मनामा शहराच्या अदलिया भागातला ब्लॉक ३३८ मात्र नुसत्या नंबरावर सगळ्यांना ठाऊक आहे. अरुंद गल्ल्या, छोटी हॉटेलं, चित्रांची दालनं आणि रात्री उशिरापर्यंत माणसांची वर्दळ. 'अदलिया' हे नाव न्याय या अर्थाच्या अरबी शब्दाशी जोडलेलं. आपल्या मराठीतली 'अदालत' त्याच कुळातली.

मनामा ते तेल-अवीव थेट विमान ३० सप्टेंबर २०२१ रोजी सुरू झालं आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांना वाटलं, एकदा जाऊन यावं. आम्ही दोघं नवरा-बायको २०२२ च्या डिसेंबरात गेलो. बाजारातलं जुनं सिनेगॉग बाहेरून-आतून पाहिलं. तिथला ज्यू समाज अगदी छोटा, मुख्यतः इराकमधून आलेल्या घराण्यांचा. त्याबद्दल इथं पूर्वीही लिहून आलं असेल, म्हणून मी वेगळीच गोष्ट सांगतो. विषय ट्रकचा आहे, पण वाचक भगिनींनी पान उलटू नये!

आमच्या मुक्कामापासून दोन गल्ल्या सोडून एका मोकळ्या जागेत जुना अमेरिकन लष्करी ट्रक उभा होता. अडीच टनी, तीन आसांचा, दहा टायरांचा. इस्राएलमध्ये मिलुईम केलेल्या आपल्या लोकांना तो 'रिओ' या नावानं चांगला ओळखीचा आहे. कुणा हौशी मालकानं शोभेसाठी घेतलेला. कित्येक महिने न हललेला ट्रक आता दुसरीकडे न्यायचा होता, पण चाकं फिरेनात. मालकाचा माणूस म्हणत होता, क्रेनच्या गाडीला दोर बांधा आणि ओढा. मिस्त्री पोरगा नको म्हणत होता, पण त्याचं कोण ऐकणार? चिडून तो पुटपुटला ते चक्क मराठीत. रत्नागिरीकडचा मुसलमान पोरगा.

मी म्हटलं, "बरोबर बोलतोयस तू. ओढू देऊ नकोस."

तो बघतच राहिला. "चाचा, तुम्ही मराठी कुठं शिकलात?"

"शिकलो नाही रे, घरचीच आहे. आमचे वाडवडील अलिबागकडचे, शनवार तेली."

तेली म्हटल्यावर तो हसला. मग आम्ही दोघांनी मालकाच्या माणसाकडून एक तास मागून घेतला.

जाम गाडी जोरानं ओढली तर आतला शू फाटतो, आस दुखावतो, आणि ताणलेला दोर तुटला तर आसपासच्या माणसाचा जीव जातो. म्हणून आधी शोधायचं की नेमकं धरून कोण बसलंय. या ट्रकचा हातब्रेक चाकांवर नसतो, मधल्या ट्रान्सफर केसच्या मागे शाफ्टवर असतो. तो सोडला, गिअर न्यूट्रल केला. इतर चाकांना पुढून-मागून ओट लावले आणि एकेक आस जॅकवर उचलून खाली भक्कम घोडे ठेवले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये.

हातानं फिरवून पाहिलं तर सहापैकी चार जागी चाकं मोकळी होती! जाम होतं पुढचं डावं आणि अगदी मागचं उजवं. पुढच्या चाकाचा ब्लीडिंगचा निपल पोरानं सैल केला. तेलाची चिळकांडी उडाली आणि चाक सुटलं. याचा अर्थ तेलाचा दाब आत अडकला होता. जुना रबरी पाइप आतून सुजला की तेल जातं, परत येत नाही. मागच्या चाकाचा निपल उघडूनही काही फरक पडेना, म्हणजे तिथं शू ड्रमला गंजानं चिकटलेला. ॲडजस्टर मागे घेतला, ड्रमवर चहूबाजूंनी हातोडीचे हलके ठोके दिले. बऱ्याच वेळानं 'टक्' आवाज झाला आणि चाक हललं. पाइप बदलून ब्लीडिंग होईपर्यंत ट्रक स्वतःच्या ब्रेकवर चालवायचा नाही, टेम्पोवर चढवूनच न्यायचा, हे मालकाच्या माणसाला पोरानंच ठणकावून सांगितलं. आता त्याचं ऐकलं गेलं.

शेवटी हवेच्या टाकीचा खालचा कॉक उघडला. तांबडं पाणी भळभळ वाहिलं.

ते पाणी पाहून मला हर्मोन आठवला. १९८० च्या दशकात हिवाळ्यात तिथं मिलुईमला होतो, २,००० मीटरच्या आसपास. रिओमध्ये हवेचा दाब ब्रेकच्या तेलाला जोर देतो. कॉम्प्रेसर दमट हवा ओढतो, ती टाकीत थंड झाली की पाणी तळाशी बसतं. संध्याकाळी ते काढलं नाही तर रात्री व्हॉल्व्हमध्ये बर्फ होतो आणि सकाळी ब्रेक लागला की सुटत नाही. शिवाय दिवसभर बर्फातून गेलेल्या गरम ड्रममध्ये पाणी शिरतं आणि रात्री शू गोठून चिकटतो. म्हणून मुक्कामाला येताना ब्रेक हलका दाबत थोडं चालवून ड्रम कोरडे करायचे आणि हातब्रेकऐवजी गिअर व ओट लावायचे. तरी चिकटलंच तर हलके ठोके, नाहीतर गरम हवा. उकळतं पाणी ओतायचं नाही, कारण तेच पुन्हा गोठतं. ज्योत तर मुळीच लावायची नाही. तिथं तेल, ग्रीस, रबर सगळं पेटणारं.

अदलियात डिसेंबरच्या रात्रीही पारा शून्याच्या जवळपास फिरकत नाही. पण चारी बाजूंना खारा समुद्र आणि हवेत कायम दमटपणा. हर्मोनवर पाणी एका रात्रीत गाडी धरतं, बहारीनमध्ये त्याला काही महिने लागतात, एवढाच फरक. दोन्हीकडे उपाय एकच आणि बिनपैशाचा: टाकीतलं पाणी रोज काढा आणि उभी गाडी अधूनमधून चार पावलं हलवा.

आपली नातवंडं सैन्यात ड्रायव्हर आहेत, काही जण सफेद-जेरुसलेमच्या थंडीत मालाच्या गाड्या चालवतात. त्यांच्यापर्यंत हे पोचवा. गाडी हलत नसेल तेव्हा जोर लावण्याआधी एकेक चाक हातानं फिरवून बघा. सहापैकी चार बहुधा मोकळीच असतात.