रबराचं वय

जुन्या गाडीचं वय बॉनेट उघडून सांगू नये. इंजिन मोठं फसवं असतं. बोअर केला, नवे पिस्टन-रिंग टाकले, टॅपेट लावले, की चाळीस वर्षांचं इंजिनही तरण्या पोरासारखं आवाज करू लागतं. रंगाचं तर विचारूच नका. चांगला पेंटर गाठला तर गंजलेल्या पत्र्यावरही लग्नाची कळा येते. गाडीचं खरं वय असतं तिच्या पोटाखाली, ग्रीस आणि चिखलाच्या काळ्या थरामागे. तेही लोखंडात कमी आणि रबरात जास्त.

माझ्याकडे पद्मिनी आहे, त्यामुळे हे सगळं मी पद्मिनीपुरतं बोलतो. गाडी मूळची इटलीची, फियाट 1100. वालचंद हिराचंदांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. पहिल्यांना लोकांनी लांब नाकावरून ‘डुक्कर फियाट’ म्हटलं. गाडीवर इतकं प्रेम असल्याशिवाय असं नाव ठेवता येत नाही. मग सिलेक्ट, सुपर सिलेक्ट, 1964 ची डिलाइट, त्यानंतर प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी. डिलाइट आणि पद्मिनी गॅरेजच्या खड्ड्यावर घेऊन खालून पाहा. कुठली कुठली हे ओळखायला पुन्हा वर यावं लागेल.

खालून पाहिलं की कळतं, ही गाडी दोन युगांची आहे. मागचा भाग सरळ टांग्याचा. एक सलग अ‍ॅक्सल आणि त्याला दोन बाजूंनी पेलणारे पाटे, एकावर एक रचलेले, मधे सेंटर बोल्टनं शिवलेले आणि यू-बोल्टनं आवळलेले. व्हिक्टोरिया घोडागाड्यांच्या खालीही याच कुळातले पाटे असायचे. पुढचा भाग मात्र मोटारयुगाचा. प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, मधे कॉइल स्प्रिंग, जोडीला शॉकअप. डावं चाक खड्ड्यात गेलं तर उजव्याला फारशी खबर लागत नाही. आणि या दोन्ही युगांमध्ये, जिथे जिथे लोखंड लोखंडाला भेटतं अशा बहुतेक जागी, अंगठ्याएवढं रबर बसवलेलं असतं. त्याला म्हणायचं बुश.

बुश म्हणजे काय, तर बाहेर एक नळी, आत एक नळी आणि दोन्हींच्या मधे दाबून बसवलेलं रबर. गंमत अशी की ते फिरत नाही. आर्म वर-खाली होतो तेव्हा रबर पिळलं जातं आणि पुन्हा सरळ होतं. न तेल, न ग्रीस, न आवाज. उलट तेल हाच त्याचा वैरी. इंजिनातून ठिबकणारं ऑइल वर्षानुवर्षं बुशावर पडत राहिलं, की रबर फुगतं, मऊ पडतं, शेवटी चिकट लगदा होतो. उन्हानं आणि हवेनं ते कडक होऊन तडकतं. गाडी चालवली तर झिजतं आणि नाही चालवली तरी म्हातारं होतं. ‘गाडी फारशी फिरलेलीच नाही हो, नुसती उभी होती,’ असं विकणारा मोठ्या अभिमानानं सांगतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तडकलेले बुश येतात.

आधी कळतं ते कानाला. ब्रेक दाबताना पुढून एकच ‘कट्ट’ आला तर संशय आर्मच्या बुशावर. बारीक खड्ड्यांवर टकटक होत असेल तर शॉकअपचं रबर. मागून कुईकुई, म्हणजे पाटे कोरडे पडलेत. स्टिअरिंग ठरावीक वेगाला थरथरू लागलं की किंगपिन बघायचा. अर्थात कान अनेकदा फसतो. एका कोपऱ्यातला आवाज पत्र्यातून फिरत भलत्याच कोपऱ्यातून ऐकू येतो, म्हणून जाणता मेकॅनिक कानापेक्षा पहारीवर विश्वास ठेवतो. पहार आर्मखाली घालून तो हलकेच उचकतो. लोखंड रबराबरोबर हललं तर ठीक. रबराला सोडून हललं तर बुश गेला.

‘साहेब, इंजिन एक नंबर आहे. पण खाली सगळं ढिल्लं झालंय,’ आमच्या गॅरेजवाल्या काकांनी खड्ड्यातूनच सांगितलं होतं.

‘सगळं म्हणजे किती, काका?’

‘सगळं म्हणजे सगळं. एकच बदलाल तर उरलेले त्याला खातील.’

गॅरेजवाल्याचं हे वाक्य ऐकून पाकिटाला हात लावायची सवय गाडीवाल्यांना असते, पण इथे ते खरं असतं. एक नवा घट्ट बुश आणि बाजूला तीन सैल, तर सगळा भार त्या नव्यावर येतो.

पुढचा आर्म सोडवणं हे गंभीर काम. दाबलेली कॉइल स्प्रिंग मोकळी सुटली तर माणसाचा जबडा फोडू शकते. म्हणून आधी खालच्या आर्मला जॅकचा आधार, स्प्रिंगला कॉम्प्रेसर आणि मग हळूहळू उतरवायचं. काका त्या वेळी पोरांना बोलू देत नाहीत. आर्म बाकावर आला की जुना बुश काढायची पाळी. तो सरळ कधीच निघत नाही. बाहेरची नळी गंजून आर्मशी एकजीव झालेली असते. मग आधी रबर जाळायचं. त्याचा तो काळा, घशात बसणारा धूर! नंतर हॅक्सॉचं पातं आतून घालून नळीला सावकाश चीर पाडायची, आर्मला ओरखडा न येऊ देता. चीर पूर्ण झाली की नळी आत दुमडते आणि इतका वेळ हातोड्याला दाद न देणारी ती बोटांनी बाहेर येते. नवा बुश ठोकून नाही, व्हाइसमध्ये दाबून बसवायचा, थोडं साबणाचं पाणी लावून. ग्रीस लावणारा मेकॅनिक दिसला तर तिथून गाडी काढावी.

किंगपिनची गोष्ट वेगळी. तिथे रबर नाही. धातूवर धातू फिरतो. जात्याच्या खुंट्यासारखा तो उभा असतो आणि चाक त्याच्याभोवती वळतं. त्याला ग्रीस मिळालं नाही की पिन एका बाजूनं झिजते आणि भोक लंबगोल होतं. इथले बुशही धातूचेच. ते नवे बसवून त्यांना रीमर मारायचा, तोही असा, की पिन हाताच्या दाबानं आत जावी, पण स्वतःच्या वजनानं खाली घसरू नये. हे मोजमाप पुस्तकात मिळेलही, पण काकांच्या अंगठ्यात ते आधीपासून आहे.

पाट्यांना मात्र मुंबईनं फार छळलं. पाटा सपाट होताना लांब होतो, म्हणून त्याचं मागचं टोक शॅकलवर झुलतं ठेवलेलं असतं. शॅकलची रबरं झिजली की गाडीचं बूड वळणावर स्वतःच्या मनानं जातं. टॅक्सीवाल्यांच्या डिकीत सीएनजीची टाकी आली, टपावर गावाला जाणारं सामान होतंच. पाटे बसले, मागची बाजू लोळू लागली, की कमानवाल्याकडे जाऊन त्यांना पुन्हा बाक द्यायचा किंवा जास्तीचा एक पाटा घालायचा. भार पेलायचा, पण मागं बसलेल्याचं कंबरडं मोडायचं.

या टॅक्सीवाल्यांचे आम्हा खासगी मालकांवर उपकार आहेत. हजारो काळ्या-पिवळ्या पद्मिनी रोज खड्ड्यांत आपटत होत्या म्हणून तर ऑपेरा हाऊसला किंवा पुण्यात नाना पेठेत बुश कांदे-बटाट्यांसारखे मिळायचे. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर 2023 च्या ऑक्टोबर अखेरीस रस्त्यावरून उतरली. वर्तमानपत्रांनी हळहळ छापली, लोकांनी फोटो काढले. माझ्या मनात मात्र स्पेअरवाल्याचा विचार आला. गिऱ्हाईक गेलं की तो माल कशाला भरेल?

आता मिळतात ते दोन प्रकार. एक, कुठल्याशा फळीवर पडून राहिलेला कंपनीचा जुना माल, कागदी खोक्यात, धूळ झटकून दुप्पट भावाला. त्याला लोक भुलतात. पण खोकं सीलबंद असलं तरी तीस वर्षांचं रबर तीस वर्षांचंच असतं. वापरलेलं नाही म्हणून ते तरुण ठरत नाही. दुसरा, पॉलियुरेथेनचा रंगीत बुश. टिकतो जास्त, तेलाला भीत नाही. पण तो कडक असतो आणि रस्त्यावरचा प्रत्येक खडा बुडाला कळवतो. शर्यतीच्या गाडीला शोभेल. पद्मिनीचा मऊपणा हाच तिचा दागिना, तो काढून तिला खणखणीत करण्यात मला अर्थ वाटत नाही. त्यापेक्षा रबर मोल्डिंगवाला गाठून जुन्या मापाचे ताजे बुश करून घ्यावेत. चार-पाच मालकांनी मिळून साचा केला तर खर्च अंगावर येत नाही.

जुनी पद्मिनी घ्यायच्या विचारात असाल तर रंगकामाचा खर्च पुढच्या वर्षावर ढकला आणि तो पैसा आधी खाली घाला. आणि एक गोष्ट मेकॅनिककडून हट्टानं करून घ्या. बुशांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना नुसते लावून ठेवायला सांगा आणि ती चारही चाकांवर उभी राहिली की मगच आवळायला लावा. चाकं लोंबकळत असताना आवळले, तर गाडी खाली येताक्षणी रबर पिळलं जातं, कायम पिळलेलंच राहतं आणि नवे बुश लवकरच फाटतात. संध्याकाळ झालेली असते, मेकॅनिकला घरी जायची घाई असते. तरी थांबा आणि समोर उभं राहून आवळून घ्या.