निरोपाची तयारी

प्रवासाची तयारी आणि निरोपाची तयारी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली जाणारा करतो. तिची यादी करता येते, तिचे वजन करता येते, आणि एखादी वस्तू राहिलीच तर ती बाजारातून आणता येते. दुसरी मात्र मागे राहणाऱ्याला करावी लागते. तिची यादी कोणी करून देत नाही, आणि ती अपुरी राहिली तर जाणारा दृष्टीआड झाल्यावरच ते उमगते. हा भेद मला या महिन्यात विशेष जाणवला. कारण माझी कन्या आणि जावई येत्या आठवड्यात पूर्व आफ्रिकेत, केनियाच्या किनाऱ्यावरील एका मिशन इस्पितळात सेवा करण्यास निघत आहेत. ती परिचारिका आहे, जावईबापू शिक्षक आहेत.

खडकवासल्याच्या आमच्या लहानशा घरात सध्या पाऊल ठेवण्यास जागा नाही. विमानात किती वजन नेता येईल हे ठरलेले. त्यामुळे माझ्या पत्नीचा काळा मसाला आणि जावईबापूंची पुस्तके यांच्यामध्ये वजनकाट्यावर रोज तंटा होतो. मराठी पवित्र शास्त्र आणि 'उपासना संगीत' यांच्या जागेविषयी मात्र कोणी वाद घालीत नाही. पीतज्वराची लस टोचून झाली आहे. तिचा दाखला दहा दिवसांनी लागू होतो, म्हणून ते काम आधीच उरकले. संध्याकाळी दोघे स्वाहिली भाषेचे पाठ घेतात. त्या भाषेत पुस्तकाला 'किताबू', लेखणीला 'कलामू', साबणाला 'साबुनी' आणि हिशेबाला 'हेसाबू' म्हणतात हे ऐकून पत्नीची भीती निम्मी ओसरली. अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांनी जी शब्दसंपत्ती त्या किनाऱ्यास दिली, तिचाच वाटा फारसीच्या मार्गाने आपल्याही पदरी आला आहे. खडकवासल्यास तरी आफ्रिका सर्वस्वी परकी का मानावी? येथील राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची मुख्य इमारत 'सुदान ब्लॉक' म्हणून ओळखली जाते. दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेत लढलेल्या हिंदी सैनिकांच्या स्मरणार्थ सुदानने जो निधी दिला, त्यातून ती उभी राहिली.

परंतु हे सारे प्रवासाच्या तयारीचे झाले. निरोपाच्या तयारीचा विचार करू लागलो, तेव्हा मला अमेरिकन मराठी मिशनच्या आरंभीची हकीकत आठवली. 1810 साली ॲडोनिराम जडसन या तरुणाने ॲन हॅसल्टाइन हिच्या पित्यास पत्र लिहिले. त्यात त्याने मुलीचा हात गोड शब्दांनी मागितला नाही. या जगात तिची पुन्हा भेट न होण्यास, समुद्राचे धोके, परक्या हवामानाचा ताप, दारिद्र्य, अपमान आणि कदाचित अपमृत्यूही तिच्या वाट्यास येण्यास आपली संमती आहे काय, असे त्याने सरळ विचारले. पित्याने निर्णय मुलीवर सोपविला, आणि मुलीने होकार दिला. माझ्या मते त्या पत्राइतकी प्रामाणिक सोयरीक क्वचितच झाली असेल.

पुढची घाई विलक्षण होती. 5 फेब्रुवारी 1812 रोजी जडसन दांपत्याचा विवाह झाला. दुसऱ्या दिवशी सेलम येथे पाच तरुणांना दीक्षा मिळाली. 9 तारखेस सॅम्युएल न्यूवेल व हॅरिएट ॲटवुड यांचा विवाह झाला. आणि 19 तारखेस 'कॅराव्हॅन' गलबत या दोन्ही दांपत्यांना घेऊन कलकत्त्याकडे निघाले. कंपनी सरकारने त्यांना कलकत्त्यास थारा दिला नाही. हॅरिएटचे मूल वाटेत समुद्रावरच दगावले, आणि त्याच वर्षी 30 नोव्हेंबर रोजी मॉरिशस बेटावर वयाच्या एकोणिसाव्या वर्षी तिचाही अंत झाला. दुसऱ्या गलबताने आलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 11 फेब्रुवारी 1813 रोजी मुंबईस पोहोचले. तेथूनच आमच्या मराठी मंडळीच्या इतिहासातील एक मोठे प्रकरण सुरू होते. आम्ही त्या आगमनाचे उत्सव करतो. पण प्रत्येक आगमनाच्या पाठीमागे कोठेतरी एक रिकामे झालेले घर असते. त्याचे स्मरण आम्हांस सहसा होत नाही.

महाराष्ट्रातूनही असेच प्रस्थान झाले आहे. बालपणी गुलाम म्हणून विकली गेलेली आणि समुद्रावर मुक्त झालेली अनेक आफ्रिकन मुले नाशिकजवळच्या शरणपूर येथील मिशनच्या आश्रयास वाढली, तेथे अक्षरे आणि हातचे धंदे शिकली. त्यांपैकी विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे 1864 साली सपत्नीक मोंबासाजवळच्या राबाई येथे मिशनकार्यास गेले. गोदावरीकाठी वाढलेली ही माणसे ज्या खंडाकडे निघाली, ते त्यांचे जन्मस्थान. आणि तरीही त्यांना तेथे नव्यानेच रुजावयाचे होते. ॲनला पित्याची संमती मिळविता आली. यांना निरोप मागण्यास आईबाप जवळ नव्हते; गुलामांच्या व्यापाऱ्यांनी तो अधिकार कधीच हिरावून घेतला होता. हे मनात आल्यापासून, संमती देण्यास आपण हयात आहोत, यातच केवढे भाग्य आहे हे मला कळले आहे.

कोणी म्हणेल, आता कसली संमती आणि कसला वियोग? रोज फोनवर मुलीचे मुख दिसेल. हे खरे आहे आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. तथापि या सोयीतच एक मोह आहे. निरोप न घेताच माणसे पाठविता येतात. गेलेला माणूस जणू शेजारच्या खोलीतच आहे असे भासवीत राहता येते. मग मुलीने तेथील पावसाची, तेथील शेजाऱ्यांची, तेथील दुखणाइतांची व्हावे तरी केव्हा? आमच्या रोजच्या प्रश्नांनी तिला पुण्यातच अडकवून ठेवणे ही ममता खरी, पण ती तिच्या कामाच्या आड येणारी ममता होय.

आणखी एक शंका मी तिला विचारली. केनियात बहुसंख्य लोक ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात आपण मूठभर. मग कोणी कोणाकडे जावे? ती म्हणाली, "बाबा, मी शिकवायला जात नाही. त्यांना परिचारिका हवी आहे आणि ते बोलावीत आहेत, एवढे मला पुरे." हे उत्तर मला त्या सेलमच्या दीक्षासमारंभाहून लहान वाटत नाही. देणारा आणि घेणारा यांतील जुना उंचसखलपणा त्यात उरलेला नाही.

म्हणून मी माझ्या वाट्याची तयारी अशी केली आहे. फोन कधी करावा हे तिनेच ठरवावे, असे आम्ही दोघांनी कबूल केले. ती परत केव्हा येणार, हा प्रश्न आमच्या घरात आम्ही विचारणार नाही. निघण्यापूर्वी दोघांना समोर बसवून, जडसनने ज्याची परवानगी मागितली होती ती मी न मागताच, मोठ्याने शब्दांत देणार आहे. मनातल्या मनात दिलेली संमती पुढे संकटाच्या दिवशी मागे घेता येते. उच्चारलेली संमती मात्र देणाऱ्यालाही बांधून ठेवते, आणि मला बांधून घ्यावयाचे आहे.