भुऱ्याच्या आजारपणाचा हिशेब

श्रावण सरता सरता एका सकाळी भुऱ्याने कोथिंबिरीकडे पाठ फिरवली. भुऱ्या म्हणजे आमचा ससा. माझी मुलगी चार वर्षांची असताना घरी आलेला आणि तिच्याबरोबरच वाढलेला. कोथिंबिरीची जुडी सोडल्याचा आवाज ऐकूनही तो धावत आला नाही, असा आठ वर्षांतील हा पहिलाच दिवस. त्याच्या हनुवटीखालचे केस ओले दिसत होते. पिंजऱ्यातील लेंड्या नेहमीपेक्षा बारीक आणि मोजक्याच होत्या. 'पावसाळी हवा आहे, पोट बिघडलं असेल,' असे म्हणून मी संध्याकाळपर्यंत थांबले. ते थांबणे चुकीचे होते, हे नंतर कळले. सशाचे आतडे सतत चालते राहावे लागते. त्याने दहा-बारा तास काही खाल्ले नाही, तर ती तातडीचीच बाब समजावी लागते. शिवाय इतरांची शिकार होणारा हा प्राणी. दुखणे लपवणे हा त्याचा स्वभावधर्मच. आपल्याला ते दिसते, तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो.

साताऱ्यातील आमच्या पशुवैद्यांची हयात गाई-म्हशी आणि कुत्री तपासण्यात गेलेली. त्यांनी भुऱ्याचा जबडा चाचपला आणि प्रांजळपणे सांगितले, "ताई, खालच्या जबड्यावर गाठ हाताला लागते आहे. पुण्याला सशांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे न्या. आणि घरातलं कुठलंही औषध देऊ नका." या शेवटच्या वाक्याचे महत्त्व मला तेव्हा ठाऊक नव्हते. माणसांना सर्रास दिली जाणारी अमॉक्सिसिलीनसारखी काही प्रतिजैविके सशाला तोंडावाटे दिली, तर आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरतात आणि सशाचा जीवही जाऊ शकतो.

पुण्याच्या डॉक्टरांनी भुऱ्याला थोडी भूल देऊन एक्स-रे काढला आणि दाढांची वाढलेली टोकेही घासून दिली. मग त्यांनी आम्हाला समोर बसवून सगळे समजावले. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात. तंतुमय गवत तासन्‌तास चघळल्याने ते झिजतात. म्हणून त्याच्या आहारात मोठा वाटा सुक्या गवताचा हवा. गाजर हा त्याचा खाऊ, जेवण नव्हे. आम्ही मात्र चित्रांतील सशांवर विश्वास ठेवून आठ वर्षे गाजरे, दुकानातील गोळीखाद्य आणि लाडाने बिस्किटेही खाऊ घातली होती. दाढांची मुळे जबड्याच्या हाडात वाढत गेली होती आणि तेथे दोन ठिकाणी गळू झाले होते. सशाचा पू खव्यासारखा घट्ट असतो. चीर देऊन तो वाहून जात नाही. संपूर्ण गळू, बाधित दाढा आणि प्रसंगी हाडाचा भागही काढावा लागतो. हाड कितपत खराब झाले आहे, हे पाहण्यासाठी सीटी स्कॅन हवा. स्कॅन, शस्त्रक्रिया आणि नंतरच्या फेऱ्या मिळून खर्च पन्नास हजारांच्या घरात जाणार होता.

त्या रात्री घरात जे बोलणे झाले, ते आठवले की आजही संकोच वाटतो. "पाचशे रुपयांच्या सशावर पन्नास हजार?" असे माझे यजमान बोलून गेले आणि लगेच गप्प झाले. मुलीने विचारले, "बाबा, मी आजारी पडले तर माझीही किंमत काढाल का?" हाताशी रक्कम होती, पण ती सासूबाईंच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी आवर्ती ठेवीत साठवलेली. मी ते बोलून दाखवले नव्हते. परंतु सासूबाईंना ठाऊक होते. त्या जपमाळ बाजूला ठेवून म्हणाल्या, "अगं, माझा गुडघा अजून सहा महिने थांबेल. पण एवढं करून त्याचं दुखणं थांबणार आहे का, ते आधी विचार."

तोवर आम्ही भुऱ्याची किंमत आणि आमचे प्रेम, एवढेच तराजूत घालत होतो. त्याला काय सोसावे लागेल, याचा विचार कोणी केलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी तीन प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांना फोन केला. स्कॅनमध्ये काहीही निघाले, तरी उपचारांत त्याने काय फरक पडेल? सगळे उत्तम पार पडले, तर त्याचे पुढचे दिवस कसे असतील? आणि शस्त्रक्रिया केली नाही, तर त्याची वेदना आपल्याला आवरता येईल का?

डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता उत्तरे दिली. स्कॅनचा उपयोग शस्त्रक्रिया करायची असेल तरच. शस्त्रक्रियेनंतर कित्येक आठवडे रोज जखम धुणे, सिरिंजने भरवणे, पुन्हा पुन्हा पुण्याला आणणे. एवढे करूनही दोन्ही जागी गळू पुन्हा होण्याची शक्यता मोठी. "तो तीन वर्षांचा असता आणि गळू एकच, लहान असतं, तर मी शस्त्रक्रियेचा आग्रह धरला असता," ते म्हणाले. "आता धरणार नाही. वेदना काही काळ नक्की आवरता येईल. पण थांबायचं कधी, हे आजच ठरवून ठेवा."

आम्ही स्कॅन केला नाही. वेदनाशामक आणि प्रतिजैविकाच्या इंजेक्शनांसाठी साताऱ्यातील डॉक्टरांनी मदत केली. भिजवून कालवलेले खाद्य मी सिरिंजने दिवसातून चार वेळा भरवत असे. मुलीने एका वहीत तीन रकाने आखले: आपणहून खाल्ले का, लेंड्या झाल्या का, पंजांनी तोंड पुसले का. सलग दोन दिवस तिन्हींपैकी दोन रकान्यांत 'नाही' आले, की थांबायचे, असे सर्वांनी मिळून ठरवले. गणेशचतुर्थीला सासूबाईंनी निवडलेल्या दूर्वांपैकी चार काड्या त्याने सावकाश चघळल्या. त्या दिवशी वहीत तिन्ही रकान्यांत 'हो' आहे.

असे तेवीस दिवस मिळाले. पितृपंधरवड्यात दोन दिवस लागोपाठ 'नाही' आले, तेव्हा मुलीनेच वही माझ्यापुढे ठेवली. डॉक्टर घरी आले. आधी गुंगीचे इंजेक्शन, तो गाढ झोपल्यावर दुसरे. तिला जवळ बसायचे होते. आम्ही अडवले नाही.

महिन्याभराने तिने विचारले, "आई, आपल्याकडे खूप पैसे असते तर?" मी म्हटले, "कदाचित स्कॅन केला असता. पैशांचा विचार झाला, हे तुझ्यापासून लपवणार नाही. पण शेवटी ठरवलं ते त्याच्या दुखण्याकडे बघून." तिने मान हलवली; पटले की नाही, ते सांगितले नाही.

ज्यांच्या घरी ससा आहे, त्यांना दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. सुके गवत त्याच्यापुढे सतत असू द्या आणि वर्षातून एकदा, तो ठणठणीत असतानाच, दाढा तपासून घ्या. त्या तपासणीला येणारा खर्च आम्ही आठ वर्षांत एकदाही केला नाही. आमच्या हिशेबातील खरी चूक ती होती.