बिडाचा तडा

व्यापारी घरात जुन्या वस्तूचा हिशेब दोन वह्यांत मांडला जातो. एकीत तिची बाजारातील किंमत असते, दुसरीत तिने घराला दिलेली वर्षे. आमच्याकडील १९८३ सालची अॅम्बॅसेडर पहिल्या वहीत केव्हाच शून्यावर आली. दुसऱ्या वहीत मात्र तिचे देणे अजून आमच्याच अंगावर निघते. जयसिंगपूरच्या आमच्या अडत दुकानाची वसुली, सांगलीच्या हळद बाजारातील फेऱ्या, दोन बहिणींच्या पाठवण्या आणि तीन बाळंतपणे तिने पार पाडली. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी करावी लागणारी फेरनोंदणीही आम्ही कधी चुकवली नाही.

गेल्या हिवाळ्यात सकाळी गाडी सुरू केली की इंजिनाच्या बाजूने टकटक असा कोरडा आवाज येऊ लागला. चार-पाच किलोमीटर गेल्यावर तो आपोआप थांबे. आमचे मिस्त्री बॉनेट उघडण्यापूर्वीच म्हणाले, "थंड असताना बोलतं आणि तापल्यावर गप्प बसतं, शेठ, ते तड्याचं लक्षण." एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर काजळीची एक बारीक रेघ होती आणि तिच्याखाली तडा. धातू तापून फुगला की फट मिटे, निवला की पुन्हा उघडे.

मॅनिफोल्ड हा बिडाचा ओतीव भाग. सिलिंडरांतून निघालेला जळका वायू गोळा करून तो सायलेन्सरच्या नळीकडे पाठवतो. अर्धा मीटर लांबीचे बीड पाचशे अंशांनी तापले तर सुमारे पावणेतीन मिलिमीटर लांबते. ज्या हेडला ते जखडलेले असते, त्यात मात्र पाणी खेळत असल्याने ते इतके तापत नाही आणि इतके लांबतही नाही. एकाला लांबायचे असते, दुसरा जागचा हलत नाही. बीड दाब सोसते, पण ताण सोसत नाही. म्हणूनच नटबोल्टची भोके किंचित मोठी ठेवतात, की वायू गळू नये आणि धातूला सरकताही यावे. गंजामुळे ती मोकळीक संपली की हजारो वेळा तापून निवलेले बीड एके दिवशी तडकते.

हा प्रश्न केवळ आवाजाचा नव्हता. त्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. इंजिनाजवळ गळलेला वायू हवेच्या झडपेतून आत शिरू शकतो. पीयूसीची तपासणी तर मागच्या नळीच्या तोंडाशी होते. तेथील दाखला मिळाला म्हणून आतील हवा स्वच्छ असल्याची हमी मिळत नाही. अण्णांचे वय चौऱ्याऐंशी. दर पंधरा दिवसांनी डोळ्यांच्या उपचारासाठी ते याच गाडीतून, काचा लावून, कोल्हापूरला जात. दुरुस्ती होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही, हे त्याच दिवशी ठरले.

आता तीन वाटा होत्या. जुना भाग वेल्डिंगने सांधायचा, जुन्या बाजारातून दुसरा आणायचा किंवा पोलादी नळ्यांचा हेडर बसवायचा. बिडाचे सांधकाम सोपे नव्हे. भाग आधी सावकाश तापवावा लागतो, निकेलची कांडी वापरावी लागते आणि पुढे सावकाशच निववावा लागतो. नाहीतर सांध्याशेजारी नवा तडा जातो. जुन्या बाजारातील भागानेही तितकीच वर्षे सोसलेली असतात. अण्णांना मूळचाच भाग हवा होता, माझ्या मुलाला हेडर. धाकटा भाऊ म्हणाला, "विकूनच टाकू या." मी काहीच बोललो नाही, कारण वाद गाडीपुरता उरला नव्हता. दोघा भावांची मुले दुकानात येऊ लागल्यापासून एकाच गल्ल्यावर दोन मते बसत होती, आणि जेवणाच्या पंगतीतही त्याची धग जाणवत होती.

शेवटी हेडर ठरला. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकाम आणि नळकाम जाणणारे हात आजही आहेत. तेथे एका कारागिराने स्टेनलेस पोलादाच्या नळ्या वाकवून तो घडवला. या इंजिनात सिलिंडर चार असले तरी वायूची दारे तीनच. मधल्या दोघांचे दार एक. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा असल्याने दुसरा आणि तिसरा लागोपाठ कधीच येत नाहीत, म्हणून एका दारात त्यांची गर्दी होत नाही. हेडरमध्ये तिन्ही नळ्या काही अंतर स्वतंत्र धावतात आणि खाली एकत्र येतात. एकातून गेलेला वायू पुढच्याला ओढून घेतो. यामुळे शक्ती वाढते, पण अशा साध्या इंजिनात थोडीच.

हेडरचे तोटेही आहेत. पातळ नळ्या अधिक उष्णता फेकतात आणि कार्बोरेटर त्याच बाजूला असतो, म्हणून मध्ये पत्र्याचा आडोसा बसवला. आवाज किंचित वाढतो. मुलाला मोकळा सायलेन्सर हवा होता, त्याला मी नकार दिला. सायलेन्सर केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२० व्या नियमाने बंधनकारक आहे, आणि शेजाऱ्यांची झोप तर त्याही आधीची. जोडणीला पॅकिंग नवे, नट पितळी, म्हणजे ते गंजून धरत नाहीत. आवळायला मधून सुरुवात करून कडेला जायचे आणि काही शे किलोमीटरांनंतर पुन्हा एकदा आवळायचे.

काढलेला मॅनिफोल्ड ओसरीवर पडला होता. अण्णांनी तड्यावरून बोट फिरवले आणि म्हणाले, "लोखंड वाईट नव्हतं. सरकायला जागा उरली नव्हती." दोघे भाऊ ऐकत होतो. त्या दिवाळीच्या वहीपूजनाला हळदीचे खाते मी घेतले, गुळाचे भावाने. पेढीचे नाव एक, घर एक, चूल एक. मुलांना आपापल्या खात्यात चुकण्याची मोकळीक मिळाली आणि पंगतीतील बोलणे पुन्हा भावावरून पिकपाण्यावर आले.

ज्यांच्याकडे जुनी गाडी असेल त्यांनी थंड सकाळी बॉनेट उघडून मिनिटभर कान द्यावा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये. टकटक ऐकू आली तर गाडी तापल्यावर ती थांबते, एवढ्यावर समाधान मानू नये. तडा तेव्हाही तेथेच असतो.