वुडवर्डवरची अर्धी गाडी

डेट्रॉइटहून पॉन्टिअॅक शहराकडे जाणारा वुडवर्ड अॅव्हेन्यू म्हणजे गाडीवेड्यांची पंढरी. १९९५ साली सुरू झालेली ऑगस्टातली ‘ड्रीम क्रूझ’ ही त्यांची वारी! याच रस्त्यालगत, रॉयल ओकला, आमच्या शेजारच्या म्हातारबुवांनी १९६७ ची पॉन्टिअॅक जीटीओ विकायला काढलीय. सांगाडा गॅरेजमध्ये, इंजिन स्टँडवर, उरलेली गाडी खोक्यांत; खोक्या-खोक्यावर चिठ्ठी. तळाचा पत्रा मात्र गंजलेला. अशा अर्धवट गाडीचा भाव गिऱ्हाईक पाडतंच. पुढचा खर्च कोण सांगणार? एकजण नुसत्या इंजिनाचे रोख पैसे मोजायला तयार होता. पण मूळ इंजिन गेलं, की उरतं ते भंगार. म्हातारबुवा म्हणाले, “नेणार तर सगळी न्या!” पाटी अजून दारातच आहे. कोणी गाडी पुरी करणारा असेल, तर घर आम्ही दाखवू.